धुतलेली हवा

धाकट्या बहिणीचा हेवा केला, असं कबूल करणारा भाऊ मला अजून भेटलेला नाही. मी केला. थोडाथोडका नव्हे, पोटात दुखेपर्यंत केला. आता आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे झालोय. जे लिहिणार आहे ते तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नाही.

आम्ही निपाणीचे. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि आई दुसऱ्या एका वखारीत चाळणीवर बसायची. तंबाखू चाळताना जी धूळ उडते ती तिच्या केसांत, भुवयांत, पदराच्या घड्यांत बसलेली असायची. घरी आली की ती आधी दाराबाहेर पदर झटकायची. तरीही ती आत आली की आम्ही दोघं भावंडं शिंकायला लागायचो. बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. शाळेत मी पुढच्या इयत्तेत असूनही गुरुजी मला "तिचा भाऊ" म्हणून ओळखायचे. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मी गणितात एकदा आपटलो. ती पहिल्या दमात पास झाली, तीही शाळेत पहिली. आप्पांनी मला बेळगावात होस्टेलवरून पॉलिटेक्निकला जाण्यासाठी जुनी सायकल घेऊन दिली होती आणि तिला निकालाच्या दिवशी एक शाईचं पेन. सायकलची किंमत पेनाच्या कितीतरी पट. तरी मी त्या पेनाकडे बघून दोन दिवस धड जेवलो नव्हतो.

वस्तीतल्या जयंतीला तिचं भाषण असायचं. मी स्टेजमागे लाउडस्पीकरच्या वायरी जोडायचो. ती बोलायला उभी राहिली की लोक गप्प व्हायचे. मी वायर हातात धरून बसलेला असायचो आणि मनात यायचं, आत्ता ही वायर सुटली तर? सोडली कधी नाही. पण मनात यायचं, एवढं खरं.

मी बेळगावला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तिथंच एका हॉटेलच्या एसी प्लांटवर दोन वर्षं काढली. ती बीएस्सी, बीएड झाली आणि सदलग्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. मग ऐंशीनंतरच्या एका वर्षी निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं हायवेला लागून तीन मजली इमारत बांधली. खाली कापडाचं मोठं दुकान, मधल्या मजल्यावर त्याची स्वतःची तंबाखूची पेढी, आणि वर भाड्यानं दिलेली ऑफिसं. सगळ्या खिडक्या काचेच्या, आणि सगळ्या कायमच्या बंद. आमच्या भागात अशी इमारत पहिलीच. प्लांट सांभाळायला माणूस हवा होता. मालकांनी मला बोलावून घेतलं.

मला ती इमारत लई आवडायची. हंगामात तंबाखू घेऊन आलेले शेतकरी उन्हातून कापडदुकानात शिरायचे, साड्या बघायचं निमित्त करून पंधरा मिनिटं गार हवेत उभे राहायचे आणि काही न घेता निघून जायचे. ती गार हवा मी सोडलेली असायची. गच्चीवरच्या प्लांटरूममधून एका जाड पत्र्याच्या नळानं ती तिन्ही मजल्यांवर जायची. वापरलेली हवा दुसऱ्या नळानं परत वर यायची. त्यातली बरीचशी बाहेर टाकायची आणि तिच्या जागी भिंतीतल्या लोखंडी झडपेतून बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, जाळीतून गाळायची, गार करायची, पुन्हा खाली सोडायची. हे सगळं माझ्या एकट्याच्या हातात होतं. मालक मला "मिस्त्री" म्हणायचे. मी डिप्लोमावाला आहे हे मी त्यांना दोनदा सांगून बघितलं. त्यांनी दोन्ही वेळेला मान हलवली आणि मिस्त्रीच म्हणत राहिले.

मग एका उन्हाळ्यात धरणांतलं पाणी खाली गेलं आणि वीजकपात आली. मोठ्या गिऱ्हाइकांनी वापर कमी करावा, नाहीतर जोडणी तोडू, अशी वीज कचेरीची नोटीस इमारतीला आली. नोटीस कन्नडात होती. मी बाजारात कन्नड फाडफाड बोलायचो, पण वाचायचं म्हणजे अक्षर अक्षर जुळवत बसायचो. मालकांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी नुसती वरून नजर फिरवून म्हणालो, "वापर कमी करा म्हणत्यात."

"ते मला बी कळतंय. किती, कधीपासनं, कसं?"

"बघतो मालक," असं म्हणून मी कागद घडी घालून खिशात टाकला.

काय करायचं ते मला माहीत होतं. प्लांटची सगळी ताकद बाहेरची गरम हवा गार करण्यात जात होती. मी झडप बंद केली. बाहेरची हवा आत येणंच थांबवलं आणि आतलीच फिरवत ठेवली. वीज मीटरची चकती लगेच हळू झाली. मी खूश होऊन जिन्यानं खाली उतरलो.

चौथ्या दिवशी एक बाई लग्नासाठी घेतलेली साडी परत घेऊन आली. दुकानात उभी राहून तिनं ती साडी विकणाऱ्याच्या नाकाला लावली. "ह्याला तंबाखूचा वास येतोय. नवरीनं काय वखारीतनं यायचं हाय मांडवात?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. झालं होतं असं, की मधल्या मजल्यावरच्या पेढीत तंबाखूचे नमुने दिवसभर उघडे पडलेले असायचे. तो वास बाहेर जायच्याऐवजी नळातून फिरून साड्यांत बसत होता. वरच्या ऑफिसांतले लोकही डोकं जड झाल्याची तक्रार करत होते. मालकांनी मला दुकानात सगळ्यांसमोर झापलं. मी झडप पुन्हा उघडली, आणि मीटर पुन्हा पळायला लागला.

ह्या सगळ्यातलं मी घरी काही सांगितलं नव्हतं. पण मे महिन्यात बहिणीच्या शाळेला सुट्टी होती आणि एक दिवस मी डबा विसरलो, म्हणून आईनं तिला माझ्याकडे पाठवलं. ती आली तेव्हा मालक पेढीवर माझ्याशी बोलत उभे होते. नोटीस पुन्हा त्यांच्या हातात होती.

बहिणीनं डबा ठेवला आणि सहज विचारलं, "वाचून दाखवू का?"

तिनं ती नोटीस आधी कन्नडात सरळ वाचली, मग एकेक ओळ मराठीत सांगितली. वापर किती कमी करायचा, कोणत्या तारखेला तपासणीला माणूस येणार, अर्ज कुठं द्यायचा, सगळं. मालकांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा बाई. कुठल्या शाळेत असता?"

बाई. पाच मिनिटांत बाई. मी तिथं दीड वर्ष काम करत होतो.

मालकांनी तिला साडीची गोष्ट सांगितली. ती हसली, पण हसता हसता विचार करायला लागली. तिचा विचार करतानाचा चेहरा मला लहानपणापासून माहीत होता. मला तो नको असायचा.

"अण्णा," ती म्हणाली, "बाहेरची हवा तरी कुठं चांगली हाय रं? हंगामात समदी वखारींची धूळ येती आत. ती आत घ्यायची, गार करायची आन् परत बाहेर टाकायची. त्यापरीस आतली गार हवा हाय तीच धुवून वापरली तर?"

"हवा काय धुणं हाय व्हय?" मी म्हणालो.

"धूळ कापडानं गाळायची. वास कोळशानं धरायचा. आमच्या प्रयोगशाळेत खास भाजलेला कोळसा असतो, कोल्हापूरहून येतो. रंग धरतो, वास बी धरतो. मग बाहेरची हवा थोडीच घ्यावी लागंल. तेवढीच गार करायची."

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, असं जमतंय व्हय?"

जमत होतं. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण त्यावर होतं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. तिनं ते पुस्तक कधी उघडलंही नव्हतं. मी म्हणालो, "करून बघाय लागंल."

सुट्टीभर आम्ही ते काम केलं. ती रोज सकाळी माझ्याबरोबर यायची. कोळशासाठी मी सच्छिद्र पत्र्याचे ट्रे बनवले. धूळ गाळायला आम्ही मांजरपाट लावला, पण कापड सपाट लावलं की हवा तुंबायची आणि पंखा धापा टाकायचा. तेव्हा कापड चुण्या घालून, नागमोडी बसवायची युक्ती मी काढली. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त कापड मावलं आणि हवा मोकळी जायला लागली. मालक बघायला आले तेव्हा बहीण म्हणाली, "ही अण्णाची युक्ती बरं का." मालक "वा, वा बाई" म्हणाले. त्यांनी वाक्याचा पुढचा भाग ऐकलाच नव्हता.

मग प्रश्न आला, झडप किती बंद करायची. मी म्हणालो, आता हवा धुतोय तर पूर्ण बंद करू. ती म्हणाली, "न्हाय. कोळसा वास धरतो, माणसानं सोडलेला श्वास धरत न्हाय. थोडी बाहेरची हवा पायजेच. किती, ते मोजू."

मोजायला तिनं काय आणलं असेल? पानवाल्याकडून खायचा चुना. तो तिनं पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरची निवळी बाटलीत भरली. त्यात एक नळी सोडली आणि नळीला माझा सायकलचा पंप जोडला. खोलीतली हवा पंपानं निवळीत सोडायची. माणसांच्या श्वासानं हवा कोंदलेली असेल तर निवळी लवकर दुधी होते. मोकळ्या हवेत दुधी व्हायला पंप मारून मारून हात दुखायचे. गच्चीवर तिनं किती वेळा पंप मारला ते वहीत लिहिलं, मग तिन्ही मजल्यांवर. झडप थोडी उघडायची, तास दोन तास थांबायचं, पुन्हा मोजायचं. ऑफिसातले लोक काम सोडून बघायला यायचे. वरच्या मजल्यावर एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. वय एकवीस-बावीस, गावातल्याच एका निवृत्त गुरुजींची मुलगी. ती तर बहिणीच्या मागंच लागली. "बाई, मला मारू द्या की पंप." तिच्या टेबलाजवळ हवा सगळ्यात शेवटी पोचायची, म्हणून तिथंच मोजून बहिणीनं झडपेची जागा ठरवली. साधारण चौथाई उघडी. झडपेच्या दांड्यापाशी भिंतीवर तिनं लाल रंगाची रेघ मारली.

आणि ते चाललं. वास गेला. डोकं जड होणं थांबलं. मीटर हळू फिरायला लागला आणि तपासणीला आलेला कचेरीचा माणूस कागदावर सही करून गेला. मालक दुसऱ्या व्यापाऱ्यांना गच्चीवर घेऊन यायचे. मी तिथं हातात पाना घेऊन उभा असायचो आणि मालक माझ्या डोक्यावरून बोट दाखवत सांगायचे, "हे आमच्या बाईंनी केलं. सदलग्याला शिकवतात. मोठी हुशार बाई." एका व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "आन् हे?" मालक म्हणाले, "हे आमचे मिस्त्री. बाईंचे भाऊ."

पुन्हा तिचा भाऊ.

त्या दिवशी घरी जेवताना आई म्हणाली, "लई नाव काढलं पोरीनं. वखारीत बी बायका विचारत हुत्या. तू आता तिला इचारत जा रं, काय अडलं तर." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आप्पांनी मान डोलावली. बहीण म्हणाली, "आई, निम्मं काम अण्णानं केलंय." तिनं असं म्हटलं हे मला आणखीनच लागलं. निम्मं. ती मला वाटून देत होती.

शाळा सुरू झाली आणि ती सदलग्याला जायला लागली. दोन-तीन आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी मी झडपेसमोर उभा होतो. लाल रेघ डोळ्यांसमोर होती. मी दांडा धरला आणि झडप पूर्ण बंद केली. का केलं हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही. मनात एवढंच होतं, की लोकांनी पुन्हा तक्रार करावी, मालकांनी म्हणावं की बाईंचं काही खरं नाही, आणि मग मी झडप उघडून सगळं ठीक करावं. मला वाटलं, फार तर कुणाचं डोकं दुखेल.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या दोघांनी मला सांगितलं, "आज कसंतरी होतंय." मी म्हणालो, "बघतो." बघितलं नाही. बुधवारी दुपारी टायपिस्ट उठून उभी राहिली आणि तिला चक्कर आली. ती जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि तिथंच उलटी केली. दुकानातल्या बायका धावल्या, कुणी पाणी दिलं, कुणी तिला रिक्षात घालून घरी नेलं. मी धावत गच्चीवर गेलो आणि झडप पुन्हा रेघेवर आणून ठेवली. पण खाली येऊन मी कुणाला काही बोललो नाही.

गुरुवारी ती कामावर आली नाही, शुक्रवारीही नाही. मालकांनी मला बोलावलं. "त्या बाईंचं खूळ बंद करा मिस्त्री. कोळसाबिळसा काढून टाका. मास्तरीण ती मास्तरीणच शेवटी." हेच ऐकायचं होतं ना मला? ऐकलं. कोळसा मात्र मी काढला नाही.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बहीण थेट इमारतीत आली. तिला गावातच कळलं होतं. तिनं बरोबर बाटली आणली होती. वरच्या मजल्यावर, त्या रिकाम्या टेबलाजवळ तिनं पंप मारला. निवळी दुधी व्हायला वेळ लागला, हवा चांगली होती. तिनं पुन्हा मोजलं. मग ती गच्चीवर आली. मी तिच्या मागं. ती झडपेजवळ गेली आणि दांडा बघितला. दांड्यावर धुळीचा थर होता आणि त्या थरात बोटांचे ठसे होते. बंद करतानाचे आणि उघडतानाचे.

"हे कवा फिरवलंस?" तिनं विचारलं.

"घसरला असंल," मी म्हणालो. "मशीनचे हादरे बसत्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी ट्रेकडे बघायला लागलो.

"अण्णा, माझ्यावर राग हुता तर मला बोलायचंस. एक थोबाडीत मारायचीस. त्या पोरीनं तुझं काय केलंतं?"

"तिला नुसती चक्कर आली..."

"नुसती?" तिचा आवाज चढला. "गल्लीत काय बोलत्यात म्हाईत हाय तुला? बिनलग्नाची पोर, हापिसात उलटी केली. लग्न ठरत आलतं तिचं. कुरुंदवाडच्या लोकांनी निरोप पाठवलाय, थांबा म्हणून. तिची आई चार दिस घरातनं भाईर पडली न्हाय."

मला खरंच माहीत नव्हतं. आता सांगताना ही सबब वाटते, पण माझ्या डोक्यात तो विचार एकदाही आला नव्हता. मी तिथंच, गच्चीवरच्या सिमेंटवर बसलो. बहिणीनं माझ्या खांद्याला हात लावला नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगणार न्हाय. तू सांगायचं. आधी मालकास्नी, मग त्या पोरीच्या घरी. आजच."

मी पेढीवर गेलो. मालक दोन गिऱ्हाइकांशी बोलत होते. मी त्यांच्यासमोरच म्हणालो, "मालक, पद्धतीत काय चूक न्हाय. झडप मी बंद केलती. तीन दिस. मुद्दाम."

मालकांना आधी कळलंच नाही. "मुद्दाम? का?"

ह्याचं उत्तर देणं सगळ्यात अवघड होतं. "बहिणीचा हेवा वाटत हुता," मी म्हणालो. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. मालकांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "लाज न्हाय वाटली?" मी म्हणालो, "वाटतीया." ते म्हणाले, "चल. मी बी येतो."

गुरुजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मालक, बहीण आणि मी, असे तिघं गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते. मालकांना बघून ते उठले, पण माझ्याकडे आणि बहिणीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर संशय होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. झडप कशी बंद केली, कधी, का. आतल्या दारात टायपिस्ट उभी होती, तिची आई तिच्या मागं.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्या पोरीचं नाव बुडवलंत. स्वतःच्या बहिणीवर जळून."

"व्हय," मी म्हणालो.

बहिणीनं ओसरीवर बाटली ठेवली आणि गल्लीतल्या बायकांना बोलावलं. तिघी-चौघी आल्या. तिनं त्यांना दाखवलं. अंगणातल्या हवेत पंप मारला, निवळी तशीच. मग एकीला नळीतून निवळीत फुंकर मारायला सांगितली, निवळी लगेच दुधी झाली. "बंद खोलीत हीच हवा साठती. ती घेतली की कुणालाही चक्कर येती, उलटी येती. हिला आली. त्या मजल्यावर आणखी दोघा बाप्यांना बी त्रास झालाय, इचारा त्येंना." बायकांनी माना हलवल्या. एकीनं माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "आन् ह्यो मुडदा बंद करून बसला हुता व्हय?" मी मान खाली घातली. त्या शिवीनं टायपिस्टचं जेवढं भलं झालं तेवढं माझ्या माफीनं झालं नसेल, कारण दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सगळ्या गल्लीत झाली.

मालकांनी स्वतः कुरुंदवाडला गाडी पाठवली आणि त्या लोकांना इमारत बघायला बोलावलं. मला त्यांच्यासमोर गच्चीवर उभं राहून पुन्हा एकदा सगळं सांगावं लागलं. झडप कशी, दांडा कसा, मी काय केलं. नवऱ्यामुलाचा चुलता होता, त्यानं स्वतः दांडा फिरवून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आजही आठवलं तर मान खाली जाते. लग्न दिवाळीनंतर झालं. मला आमंत्रण नव्हतं. ते बरोबरच होतं. बहीण गेली होती.

मालकांनी मला कामावरून काढलं नाही. मी राजीनामा लिहून नेला होता. अर्ज कन्नडातच हवा असं नव्हतं, मराठीतही चालला असता, पण बहिणीला न विचारता मी तो कन्नडात लिहायचा प्रयत्न केला होता. मालकांनी काय आहे ते मला विचारलं, त्यातली खाडाखोड बघून हसले आणि कागद फाडून टाकला. "ती यंत्रं तुझ्याबिगर कुणाला कळत न्हाईत. पण त्या दांड्याला भोक पाड आणि कुलूप घाल. किल्ली माझ्याकडं." मी स्वतः भोक पाडलं, स्वतः कुलूप घातलं, आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. पुढची तीन-चार वर्षं दर महिन्याला कापड धुवायची आणि कोळसा भाजायची वेळ आली की तेवढ्यापुरती झडप फिरवायला मी किल्ली मागायला जायचो. ते ती द्यायचे, आणि माझं काम संपेपर्यंत गच्चीवर येऊन उभे राहायचे.

बहिणीशी बोलणं सुरू व्हायला वेळ लागला. ती घरात माझ्याशी गरजेपुरतं बोलायची. एक दिवस तिनं आपणहून विचारलं, "कोळसा भाजताना किती वेळ ठेवतोस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "थोडा जास्त ठेव." तेवढंच. पण ते नेहमीचं बोलणं होतं.

पुढं बेळगावच्या एका हॉटेलनं आणि एका सिनेमाघरानं तशीच सोय करून मागितली. निरोप तिला आला. तिनं कळवलं की हे काम माझे भाऊ करतात. मी गेलो, करून दिलं, आणि चुन्याच्या निवळीनं मोजूनही दिलं. तिथले लोक त्याला "बाईंची पद्धत" म्हणायचे. मी दुरुस्त केलं नाही. पोटात दुखायचं मात्र. ते गेलं असं मी म्हणणार नाही. ती एमएस्सी झाली तेव्हा दुखलं, हेडमास्तरीण झाली तेव्हाही दुखलं. फरक एवढाच झाला, की दुखायला लागलं की मी जिथं असेन तिथं हात खिशात घालायला शिकलो.

ती निवृत्त झाली त्या समारंभाला मी गेलो होतो. परतीच्या वाटेवर एसटीत मी तिला म्हणालो, "आज बी वाटला बघ मला तुझा हेवा. एवढी पोरं पाया पडत हुती."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "मला बी तुझा वाटायचा."

"माझा? कशाचा?"

"तू डिप्लोमाला बेळगावला गेलास. होस्टेलात राहिलास. आप्पांनी एका वाक्यात व्हय म्हटलं. मला बी बेळगावच्या कॉलेजात घेतलं हुतं, फॉर्म भरलाता मी. तीन दिस घरात वाद झाला आणि मग गावातल्याच कॉलेजात गेले. तू त्या तीन दिसांत एकदा बी काय बोलला न्हाईस. तुला आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली, "त्याचाच हेवा वाटायचा. तुला ध्यानात ठेवावं लागलं न्हाई."